ब्लॉकची तिसरी वाट

राणीसावरगावच्या पुढे रस्ता डोंगराला लागतो. मेंढपाळांची वाडी वर पठारावर आहे. चढ फार लांब नाही, पण मध्ये एक वळण असं आहे की तिथे भरलेल्या गाडीचा खरा कस लागतो. त्या हिवाळ्यात दादाची स्कूटर या वळणावर बंद पडत नव्हती, आणि अडचण नेमकी तीच होती. बंद पडली असती तर कोणी काही केलं असतं. ती चालत राहायची, पहिल्या गिअरमध्ये, कण्हत, आणि मागे बसलेल्या वहिनीला उतरून चालावं लागायचं.

दादा माझा थोरला भाऊ, राणीसावरगावलाच राहतो. कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर नोकरी झाली, आता शेती बघतो. वहिनी वाडीवरच्या अंगणवाडीत सेविका आहे. काही वर्षांपूर्वी ओल्या फरशीवर पडून तिचा खुबा मोडला. नांदेडला ऑपरेशन झालं, आत सळई बसली. तेव्हापासून तिला मोटारसायकलवर पाय टाकून बसता येत नाही. मोटारसायकलच्या उंच सीटवर एका बाजूला बसायचं म्हटलं तरी आधी उडी मारावी लागते. स्कूटरची सीट बुटकी आहे आणि बाजूला बायकांसाठी पाय ठेवायची पट्टी जोडलेली आहे. बिनगिअरची गाडी चुलत पुतण्याकडून मागून आणून पाहिली होती. दोन माणसं घेऊन रोज चढवल्यावर तिचा बेल्ट जळाला, आणि पुतण्याने ती पुन्हा दिली नाही. भाड्याची जीप भरल्याशिवाय निघत नाही. म्हणून ही जुनी, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची स्कूटर.

अंगणवाडी उघडल्याचा फोटो सकाळी ठरलेल्या वेळेच्या आत मोबाइलवरून पाठवावा लागतो. उशीर झाला की त्या दिवसावर लाल खूण पडते. वहिनीच्या नावापुढे लाल खुणा वाढल्या, तेव्हा पर्यवेक्षिकेने तिला स्पष्ट सांगितलं: असंच चाललं तर वाडीचं केंद्र खालच्या गावच्या केंद्राला जोडायचा प्रस्ताव पाठवावा लागेल. खालच्या गावात सेविका आधीपासून आहे. म्हणजे वहिनीचं काम जाणार. वाडीवरची लेकरं रोज डोंगर उतरून खाली येतील असं कागदावर म्हणता येतं.

‘‘मेंढरं येतेत खाली,’’ वहिनी म्हणाली. ‘‘लेकरं न्हाई यायची, भाऊजी.’’

स्कूटरचा ब्लॉक संपला होता. ब्लॉक म्हणजे लोखंडी नळकांडं, ज्याच्यात पिस्टन वर-खाली होतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात त्याच्या बाहेरच्या अंगाला पंख काढलेले असतात. ब्लॉक झिजला की आतून तासून मोठा करतात आणि मोठा पिस्टन घालतात. असं काही वेळाच करता येतं. दादाच्या ब्लॉकचं शेवटचं तासून झालं होतं. गाडी धूर सोडायची आणि चढावर दम टाकायची. ते मॉडेल निघायचं बंद होऊन बराच काळ लोटला आहे. मी परभणीत वर्तमानपत्रात काम करतो, त्यामुळे शोधायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात, वरच्या फळीवर, तेलकट कागदात गुंडाळलेला कोरा ब्लॉक मिळाला. गंगाखेडच्या जीपवाल्याबरोबर तो पाठवून दिला. इथे काम संपलं, असं मी धरलं.

रविवारी दादाचा फोन आला.

‘‘तुझा ब्लॉक बसला.’’

‘‘चढते का?’’

‘‘चालू हाय.’’

‘‘चढते का?’’

‘‘चालू हाय म्हणलं ना. एका किकात.’’

चढत नव्हती. सोमवारी वहिनी त्याच वळणावर उतरली. धूर गेला होता, आवाज स्वच्छ झाला होता, गाडी सपाटीवर छान पळत होती. चढाला मात्र होती तशीच.

पुढच्या दिवसांत काय काय झालं ते फोनवर कळत गेलं. कार्बोरेटर खोलून पेट्रोलात धुतला. प्लग बदलला. क्लचच्या प्लेटा पाहिल्या. सायलेन्सर काढून गोवऱ्यांच्या आगीत टाकला, म्हणजे आतली काजळी जळून जाते. गाडीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सगळ्या गोष्टींना हात लागला. ब्लॉक तेवढा कोणी पुन्हा उचलून पाहिला नाही, कारण तो नवा होता. आणि नवा होता म्हणूनच दोषही त्याचाच ठरला.

‘‘परभणीचा माल हाय,’’ मिस्त्री म्हणाला. हा राणीसावरगावच्या स्टँडजवळचा मिस्त्री, दादाच्या बरोबरीचा, त्याची गाडी पहिल्यापासून तोच बघतो. ‘‘वरून कोरा दिसायलाय, आतून कसा का असंना. पेपरवाल्यानं आणलाय, छापल्यावानी गुळगुळीत हाय.’’

हे दादाने मला जसंच्या तसं ऐकवलं. वर हसलाही.

मी पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन ब्लॉक काढले आणि काउंटरवर उलटे ठेवले. बाहेरून दोन्ही सारखे. तेवढेच पंख, चार बोल्टांची चार भोकं त्याच जागी, उंची तीच. गाडीत बसल्यावर वरून पत्र्याचं आवरण येतं, त्यामुळे ओळखायची सोयच नाही. फरक फक्त बुडाशी होता. एकाच्या बुडाला दोन बाजूंना दोन खाचा होत्या. दुसऱ्याला त्या दोन होत्याच, शिवाय मागच्या अंगाला एक तिसरी.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात झडपा नसतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या पोकळीत येतं. तिला चेंबर म्हणतात. पिस्टन खाली आला की तिथे दाब पडतो आणि मिश्रण ब्लॉकच्या भिंतीतल्या वाटांनी वर, पिस्टनच्या डोक्यावर जातं आणि तिथे पेटतं. या वाटा म्हणजे पोर्ट. जुन्या गाड्यांना दोन होत्या, नंतरच्या मॉडेलला तिसरी दिली. तिसरीमुळे सपाटीवर फारसा फरक कळत नाही. कळतो तो ओझं असताना, चढाला.

‘‘मी तुम्हाला तीनचा दिलाय,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘पण खालचं चेंबर दोनचं असेल तर ही वाट आंधळी. ब्लॉकमध्ये दार आहे, पण दाराच्या मागं भिंत. चेंबर बघा. फुगलेलं दिसतंय का मागच्या अंगाला, ते बघा.’’

‘‘आणि चेंबर तीनचं असेल तर?’’

‘‘मग गाडी चढायलाच पाहिजे.’’

मी दादाला फोन करून सगळं सांगितलं. ब्लॉक उचला, खाली किती वाटा आहेत मोजा, फोटो पाठवा. एवढंच मागणं होतं.

‘‘चालू इंजिन खोलायचं न्हाई,’’ दादा म्हणाला. ‘‘जिनिंगमधी पहिला नियम व्हता. चालू मशीनला पाना लावला की समज, नवं दुखणं घेतलं.’’

‘‘चढत नाही ना पण.’’

‘‘चालू हाय.’’

मग त्याने मिस्त्रीला फोन दिला. तो म्हणाला, ‘‘दोन पोर्टाच्या गाड्यांनी बालाघाटाचा डोंगर चढला न्हाई का? आमच्या सासऱ्याची दोनाचीच व्हती. तिघं जण बसून देवाला जायचे.’’

दोन वाटांच्या गाडीचे गिअरही त्या ताकदीला बेतलेले होते, हे मी सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘तुमी बातम्या लिवा, पेपरवाले. आमी कुठं तुमच्या पेपरात पाना घालायलोत का?’’

मागून दादाचं हसणं ऐकू आलं.

फोटो आला. झेंडूचा हार घातलेल्या, हळदकुंकू लावलेल्या स्कूटरचा, बाहेरून. नवा ब्लॉक बसवल्यावर नारळ फोडला होता, तेव्हाचा. मी पुन्हा लिहिलं की आतला पाहिजे. उत्तर आलं की उद्या अमावास्या आहे, इंजिन खोलत नाहीत. अमावास्या झाल्यावर विचारलं तर मिस्त्री ट्रॅक्टरच्या कामात होता. त्यानंतर दादाने फोन उचलणं कमी केलं. बातमीच्या कामात अशी माणसं रोज भेटतात. प्रश्न विचारला की ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. तिथे कोणाचं तरी म्हणणं ‘समजू शकलं नाही’ असं लिहून पान सोडता येतं. इथे तशी सोय नव्हती.

तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी मी गावी गेलो. वहिनी ओट्यावर बसली होती. एक पाय पाटावर लांब ठेवलेला, खुब्याला गरम मिठाची पुरचुंडी.

‘‘आता तर एक बी लाल न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘आख्खा आठवडा.’’

पर्यवेक्षिकेने तो आठवडा शेवटचा म्हणून दिला होता. त्यात एकही उशीर चालणार नव्हता. वहिनीने स्कूटरवर बसणंच सोडलं. उजाडायच्या आत निघून ती पायवाटेने डोंगर चढत होती, रोज. दादा मागून खिचडीचं सामान स्कूटरवर नेत होता, कारण सामान घेऊन गाडी चढायची. हे मला कोणी फोनवर सांगितलं नव्हतं.

‘‘मला का नाही कळवलं?’’

‘‘तुला सांगून काय व्हणार व्हतं?’’ दादा म्हणाला. ‘‘तू पुन्हा पोर्ट मोजायला लावला असतास.’’

‘‘मोजले असते तर वहिनीला चालावं लागलं नसतं.’’

‘‘ते तुझं म्हणणं.’’

मी आवाज चढवला. दादाने त्याहून चढवला. वहिनीने पुरचुंडी बाजूला ठेवली.

‘‘अहो,’’ ती त्याला म्हणाली, ‘‘चला मिस्त्रीकडं. मी बी येते. खोलाच ते आज.’’

‘‘चालू गाडी...’’

‘‘मी बी चालूच हाय की. बघा कशी चाललेय.’’

दादा उठला. किल्ली घेतली.

मिस्त्रीची जागा म्हणजे स्टँडच्या मागे पत्र्याची शेड. वहिनीला लोखंडी स्टुलावर बसवलं. तिला पाहून मिस्त्रीने गुटख्याची पुडी खिशात घातली आणि हात पुसले. ‘‘ताई, तुमी कामून आलात? निरोप द्यायचा.’’ माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. पत्र्याचं आवरण काढलं, हेड काढलं, चारी बोल्टांवरून ब्लॉक हळूच वर ओढला आणि पोत्यावर ठेवला.

चेंबरला तीन वाटा होत्या. मागच्या अंगाला फुगवटा होता, दुकानदाराने सांगितला तसाच. ब्लॉकलाही तीन होत्या. दोन्हींचं माप जुळत होतं.

मधलं पॅकिंग मात्र दोनाचं होतं.

ब्लॉक आणि चेंबर यांच्यामध्ये कागदाचं पातळ पॅकिंग बसतं, म्हणजे सांध्यातून हवा जात नाही. या मॉडेलचं तयार पॅकिंग आता मिळत नाही. गावाकडचे मिस्त्री ते लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून कापतात. पत्रिका चेंबरच्या तोंडावर ठेवायची आणि हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने ठोकत जायचं. लोखंडाची धार कागदावर उमटते, त्या रेघेवर कापायचं. काम चोख होतं. ग्रीस लावून बसवलं की वर्षानुवर्षं टिकतं.

मिस्त्रीने कागद सोडवून हातावर घेतला. मधलं मोठं वर्तुळ कापलेलं होतं, दोन बाजूंच्या दोन वाटा कापलेल्या होत्या. तिसऱ्या वाटेच्या जागी हातोडीची खूण स्वच्छ उमटली होती. पण तिथे कात्री चालली नव्हती. त्या जागी, तेलाने काळपट झालेल्या सोनेरी अक्षरांत, कुळदेवाचं नाव छापलेलं होतं. ‘प्रसन्न’ हा शब्द अर्धा राहिला होता.

‘‘ही खूण उमटली होती की,’’ मी म्हणालो.

‘‘उमटली व्हती.’’

‘‘मग कापली का नाही?’’

‘‘देवाच्या नावावर कात्री कशी घालू?’’ तो म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. ‘‘लय फिरवून बघितलं. हिकडं फिरवलं तर गणपती भोकात यायलाय, तिकडं फिरवलं तर कागद कमी पडायलाय. म्हणलं, राहू द्या. जुन्या पॅकिंगला बी दोनच व्हती. नमुना समोर व्हता.’’

जुन्या पॅकिंगला दोनच भोकं होती, कारण जुना ब्लॉक दोन वाटांचा होता. आधीच्या मालकाने कधी तरी तीनच्या चेंबरवर दोनचा ब्लॉक बसवला असणार. म्हणजे दादाकडे आल्यापासून ती गाडी कधीच पूर्ण श्वास घेत नव्हती, आणि दादा तो तिचा स्वभाव समजत होता.

‘‘दुसरी पत्रिका घ्यायची,’’ मी म्हणालो.

‘‘कुठून घेऊ? आता लग्नं मोबाइलवर येतेत. परवा पुतणीचं लग्न झालं, सख्ख्या भावानं मला फोटो पाठवला. आधी एका लग्नसराईत पोतंभर कार्डं जमायची. ही एकच राहिली व्हती जाड.’’ मग तो दादाकडे वळला. ‘‘तरी भाऊ, गाडी चालू व्हती का न्हाई?’’

‘‘चालू तर व्हती,’’ दादा म्हणाला.

ब्लॉक बरोबर होता, चेंबर बरोबर होतं, परभणीचा माल बरोबर होता. तीन आठवडे, एक सायलेन्सर, एक कार्बोरेटर आणि वहिनीचा पाय, एवढं सगळं नखाएवढ्या कागदाने अडवून धरलं होतं. हे मी म्हणून दाखवलं. कोणी नाकारलं नाही. कोणाला रागही आला नाही. दादाने चहा सांगितला, मिस्त्रीसाठी बिनसाखरेचा, कारण त्याला साखर आहे हे दादाला माहीत होतं. माझा चहा येईपर्यंत ते दोघं मिस्त्रीच्या सासऱ्याच्या स्कूटरविषयी बोलत होते.

‘‘चूक झाली एवढं तरी म्हणा,’’ मी मिस्त्रीला म्हणालो.

‘‘चुकीचं काय त्यात, पेपरवाले? कापलं असतं तर चूक झाली असती.’’

वहिनीने हात पुढे केला. तो तेलकट कागद तिने कपाळाला लावला, पदराच्या टोकात बांधला. नंतर तो नदीत सोडला. मी तिच्याकडून तरी रागाची अपेक्षा ठेवली होती. ती म्हणाली, ‘‘भाऊजी, आता दुसरं कापायचं कशाचं ते बगा.’’

घरी शोधाशोध केली. कपाटाच्या तळाशी, साड्यांखाली अंथरलेली, एका नातलगाच्या लग्नाची जुनी पत्रिका मिळाली. पुढच्या पानावर देव, आतल्या पानावर दोन्हीकडची मयत आणि जिवंत माणसं, पण मागचं पान जवळजवळ कोरं. खाली एकच ओळ होती, आहेर आणू नये अशी विनंती. मिस्त्रीने ते पान उन्हात धरून नीट पाहिलं, मागून-पुढून वाचलं.

‘‘ह्याच्यात कुणी न्हाई,’’ तो म्हणाला आणि ठोकायला बसला.

तिन्ही वाटा त्याने धारदार कापल्या, एवढ्या नेमक्या की कागदाचा एक तंतूही आत येत नव्हता. हात उत्तम होता त्याचा. हात उत्तम असूनही हे सगळं झालं, याचा मला जास्त त्रास झाला. वाईट मिस्त्री असता तर गावातल्या दुसऱ्याकडे जाता आलं असतं.

सोमवारी मी मुद्दाम थांबलो. पुतण्याच्या मोटारसायकलवरून त्यांच्या मागे निघालो. चढ लागला, दादाने दुसरा गिअर टाकला, आणि स्कूटर तो धरून राहिली. आवाज भरीव होता, कण्हणं नव्हतं. वळण जवळ आलं तसा दादाने सवयीने वेग कमी केला, पाय टेकवायच्या बेतात आला.

‘‘थांबायलात कशाला?’’ वहिनी मागून म्हणाली. ‘‘चला.’’

गाडी वळणावरून वर गेली. पठारावर पोचायला पूर्वी लागत होता त्याच्या निम्माही वेळ लागला नसेल. अंगणवाडीच्या दारात लेकरं अजून यायची होती. शेजारच्या घरची एक बाई आपलं अंगण झाडत होती, तिने हात थांबवून पाहिलं. ‘‘आज लय लवकर, बाई?’’

दादाने गाडी स्टँडवर लावली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर समाधान होतं. ‘‘बघितलंस? मिस्त्रीचा हात लागला की असं असतंय.’’

मी मोटारसायकलवरून उतरलो.

वहिनी अजून सीटवरच होती. तिने उतरायला पाय खाली सोडला आणि तिथेच थांबली. पाय जमिनीला टेकला, पण भार घेत नव्हता. दादाने एक बाजू धरली, झाडू टाकून त्या बाईने दुसरी. दोघांनी मिळून तिला दारापर्यंत नेलं. तिथे ती चौकटीला धरून उभी राहिली, पदर सारखा केला आणि मोबाइल माझ्याकडे दिला.

‘‘काढा फोटो. मागची पाटी आली पाहिजे.’’

फोटो काढला. पाटी आली, दार आलं, चौकटीवरचा तिचा हात आला. पाठवला. वेळेच्या बऱ्याच आधी गेला. हिरवी खूण पडली. ती तिने दादाला दाखवली, मग त्या बाईला दाखवली. मग आत जाऊन भिंतीला टेकून खाली बसली, आणि दुपारपर्यंत उठली नाही. लेकरांना तिने बसूनच शिकवलं. खिचडी दादाने वाढली.

नांदेडच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी हकीकत ऐकली आणि विचारलं की हिला डोंगर चढायला सांगितलं कोणी. सळई हललीय का ते पाहावं लागेल, गुरुवारी घेऊन या, तोपर्यंत चालणं बंद. पर्यवेक्षिकेला कळवलं. गुरुवारपासून रजा मंजूर होईल, असं त्या म्हणाल्या. मात्र रजेच्या दिवशीही केंद्र उघडं असल्याचा फोटो वेळेत यायला हवा, मदतनीस असेल तर तिने पाठवावा. वाडीच्या केंद्राला मदतनीस नाही. ते पद भरलेलंच नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

‘‘मग काय करायचं?’’ मी विचारलं.

‘‘तुम्ही पेपरवाले आहात ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सुचवा.’’

मंगळवारी-बुधवारी दादाने वहिनीला स्कूटरने थेट दारापर्यंत नेऊन सोडलं. बुधवारी मिस्त्री घरी येऊन गाडीचा आवाज ऐकून गेला आणि खूश झाला. गुरुवारी सकाळी वहिनीला घेऊन आम्ही भाड्याच्या जीपने नांदेडला निघालो. स्कूटर अंगणात उभी होती. वाडीवर केंद्राला कुलूप होतं.